घाटातली दहा पावलं

शिवाकाका आयुष्यात पुण्यापलीकडे कधी गेला नाही, पण इटलीतल्या कुठल्या घाटात भर मे महिन्यात बर्फ पडतं आणि तिथे सायकलस्वार हाताची बोटं काखेत धरून कसे उतरतात, हे तो भाकरी मोडता मोडता सांगायचा. आमची भाकरी म्हणजे सोलापूरची कडक भाकरी. ती मोडताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो. मोठा तुकडा मोडला की मोठा घाट, लहान मोडला की लहान, असं ताटातच सगळं मांडलं जायचं. शेंगाच्या चटणीचा ढीग म्हणजे शेवटचा चढ. अव्वा, म्हणजे माझी आई, ओरडायची, "शिवप्पा, पोरीला खाऊ तरी दे की!" आमच्या घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोललं जायचं. काकाला मात्र विदेशी नावं कानडी वळणाने उच्चारायची सवय होती, त्यामुळे अव्वाला बरेच दिवस वाटत होतं की फ्रान्समधले ते घाट विजापूरच्या पुढे कुठेतरी आहेत.

घर शुक्रवार पेठेत, दुकान नवी पेठेत. चादरी, टॉवेल, सतरंज्या. दुकान माझे वडील, अप्पा, चालवायचे. काका त्यांचा धाकटा भाऊ, लग्न न केलेला. तो दुपारपर्यंत गादीवर बसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की रद्दीतून आणलेली परदेशी मासिकं डिक्शनरी उघडून वाचायचा. एकेका ओळीला अर्धा तास लागायचा. त्यांत त्या मोठ्या सायकल शर्यती असायच्या: तीन आठवडे, एकवीस टप्पे, तीन हजारांवर किलोमीटर. रोज वेगळी शर्यत, पण सगळ्या दिवसांच्या वेळांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकतो, एकही टप्पा न जिंकता जिंकतो. हे गणित त्याने मला दहाव्या वर्षी शिकवलं. फ्रान्सची शर्यत लोकांना माहीत, स्पेनची आपल्या सोलापूरसारख्या उन्हाची, पण खरी कठीण इटलीची, असा त्याचा ठाम निवाडा होता आणि त्यावर वाद घालायला पेठेत कुणी नव्हतंच. फ्रान्समध्ये एकदा तीन आठवड्यांनंतर पहिल्या आणि दुसऱ्यात फक्त आठ सेकंदांचं अंतर राहिलं, ही त्याची सगळ्यात आवडती गोष्ट. आठ सेकंद म्हणजे किती, हे दाखवायला तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा आणि आम्ही मोजायचो.

हे सगळं नुसतं बोलणं राहिलं असतं, पण त्याने मला सायकलवर बसवलं. आणि माझ्यासोबत पद्माला. पद्मा पूर्व भागातल्या विणकरांची. घरात तेलुगू, वडील मागावर, आई विड्या वळायची आणि पद्माही वळायची. सकाळी सरावाला यायच्या आधी तिची पाचशे पानं कापून झालेली असायची. आम्ही दोघी एका वयाच्या, एका शाळेतल्या. काकाने दोघींना एकाच मापाने घडवलं. अक्कलकोट रस्त्यावर तो लुनावर पुढे आणि आम्ही मागे, एक कानडी शिवी तिला, एक मला. वाऱ्यात कुणी पुढे राहायचं, कुणी पुढचीच्या चाकामागे लपून दम घ्यायचा, हे त्याने आम्हाला आळीपाळीने करायला लावलं. पद्मा चढावर माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मला ते आवडत नव्हतं.

काकाविषयी अजून एक सांगायला हवं. सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत आमच्याकडे नंदीध्वज निघतात, तीसेक फूट उंच काठ्या, वजन असं की चांगला गडी चार पावलांत घामाघूम होतो. काकाने अठरा वर्षं काठी पेलली. गुडघा गेल्यावर पेलणं थांबलं, पण पेलणाऱ्याच्या शेजारून चालणं त्याने सोडलं नाही. शेजारून चालणाऱ्याचं काम एकच असतं. पेलणाऱ्याचा पाय लटपटला की त्याने मदत मागायच्या आत पाठीला हात लावायचा. विचार करायला वेळच नसतो, कारण तेवढ्यात काठी माणसांवर येते. जत्रेत मी त्याचा तो हात कितीदा पाहिला होता, डोळे दुसरीकडे आणि हात बरोबर जागेवर.

आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या भागात मुलींची चार दिवसांची टप्प्यांची शर्यत ठरली. पहिल्या तिघींना पुण्याच्या शिबिरात घेणार, तिथून राज्याच्या संघात. अप्पांनी मला गादीजवळ बोलावून सांगितलं, "पहिल्या तिघीत आलीस तर पुण्याला जा, मी अडवणार न्हाय. न्हाय आलीस तर हे सायकलचं बास. निलंग्याचं स्थळ आलंय, पोरगा बरा हाय." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. पद्माच्या घरी तर एवढंही बोलणं झालं नाही. तिला फक्त इतकं ठाऊक होतं की तिची सायकल काकाने दिलेली आहे आणि शिबिरात गेली नाही तर ती परत करून विड्यांकडे बसायचं आहे.

पहिल्या दिवशी अक्कलकोटला जाऊन परत. दुसऱ्या दिवशी सोलापूर ते वेळापूर, शंभराच्या आसपास किलोमीटर आणि सगळा वेळ अंगावर वारा. ते हुरड्याचे दिवस होते, दोन्ही बाजूंना ज्वारी आडवी होत होती आणि आम्हीही. पुण्याची एक आणि सांगलीची एक अशा दोघी आमच्यापेक्षा सरळसरळ वरच्या होत्या. त्या पहिली आणि दुसरी येणार हे पहिल्याच दिवशी उघड झालं. म्हणजे उरला तिसरा नंबर. वेळापूरला जुन्या देवळाजवळच्या शाळेत आमचा मुक्काम होता. व्हरांड्यात मुख्य पंचांनी वेळा वाचल्या. पद्मा तिसरी. मी चौथी, तिच्या मागे बारा सेकंद. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "शैला, उद्या घाट हाय, तू मला सोडू नकोस हां, सोबत जाऊ." मी बरं म्हणाले. सतरंजीवर पडल्यावर मी बारापर्यंत मोजत राहिले, पुन्हा पुन्हा.

आता जुलैच्या दुपारी मी मोबाइलवर त्या मोठ्या शर्यती बघते. आल्प्सपुढे तुळजापूरचा घाट म्हणजे गल्लीतला स्पीडब्रेकर, हे मान्य. पण ज्या मुलीचं सगळं त्या चार वळणांवर ठरणार असतं, तिला आल्प्स काय आणि तुळजापूर काय. काका म्हणायचा, घाट चढणं अवघड नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा सायकलवर बसणं अवघड, आणि ह्या शर्यती त्यासाठीच कठीण. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून सोलापूरला आणून आम्हाला तुळजापूरच्या रस्त्यावर सोडलं, तेव्हा माझ्या मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. बसले मात्र.

घाटाच्या पायथ्याशी पुढच्या दोघी निघून गेल्या. पद्मा माझ्यापुढे सायकलच्या दोन लांब्यांवर होती. पहिल्या वळणावर चार झाल्या. दुसऱ्या वळणावर ती एकदा मागे वळली, थोडी थांबल्यासारखी झाली, आणि मला यायला जमत नाही म्हटल्यावर निघाली. निघायलाच हवं होतं. ऊन डोक्यावर, डांबर तापलेलं, मागे उसाने भरलेला एक ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेला, त्याच्यामागे पंचांची जीप कुठेतरी अडकलेली. मी रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जाऊ लागले. डोळ्यांत घाम. निलंग्याच्या त्या मुलाचा चेहरा मी कधी पाहिलाही नव्हता, तरी तो मला दिसत होता. शेवटून दुसऱ्या वळणावर काका पाण्याची बाटली घेऊन उभा होता. नियम साधा होता आणि तो आम्हाला त्यानेच पाठ करून घेतला होता. आपल्या माणसाने पाणी द्यायचं, ओरडायचं, पण अंगाला हात लावायचा नाही. लावला तर तीस सेकंद वाढवतात.

मी त्याच्यापाशी आले आणि माझं पुढचं चाक वळलं. पडलेच असते. "नडी मगळे, नडी!" चल पोरी, चल, असं तो ओरडला आणि त्याचा हात माझ्या पाठीवर आला, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधे. तो माझ्यासोबत धावला. गुडघ्याचं दुखणं असलेला माणूस, एक चप्पल मागे राहिलेली. दहा पावलं असतील. खरं सांगते, मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की रडू आलं. मग हात सुटला, वळण संपलं, चढ जरा सैल झाला आणि पाय पुन्हा फिरायला लागले. माथ्याच्या थोडं अलीकडे पद्मा दिसली. तिच्या पोटरीत गोळा आला होता, ती एका पायाने सायकल मारत होती. मी तिच्या शेजारून गेले. तिने "जा, जा" म्हटलं.

संध्याकाळी वेळा लागल्या. मी तिसरी. पद्मा चौथी, नऊ सेकंद मागे. नऊ सेकंदांत तांब्यातलं पाणीसुद्धा संपत नाही. ती काकाजवळ येऊन बसली आणि विचारलं, "काका, माझं कुटं चुकलं? पाणी कमी पडलं का?" काकाने तिच्या पोटरीला तेल लावायला घेतलं. त्याच्या पुढ्यातली भाकरी तशीच होती. पद्मा हातपाय धुवायला गेली तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शैला, तू सांगतीस का मी सांगू?"

"काका, कुणी बघितलं नाही."

"मी बघितलो की," तो म्हणाला. "माझा हात कसा गेला मलाच कळलं न्हाय बघ. काठी पडायलीय असं वाटलं. पण गेला ते गेला."

मी म्हणाले, उद्या सांगू. आता सांगितलं तर झोप लागणार नाही, शेवटचा टप्पा आहे, उद्या सकाळी सांगू. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. तीस सेकंद वाढले असते तर मी पद्माच्या एकवीस सेकंद मागे गेले असते आणि तुळजापूर ते सोलापूर उताराच्या आणि सपाट रस्त्यावर एकवीस सेकंद कुणालाच भरून काढता येत नाहीत. हे गणित त्यानेच शिकवलेलं होतं, त्यामुळे ते आम्हा दोघांनाही येत होतं.

सकाळी सगळ्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. मुख्य पंच निवृत्त शिक्षक होते, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आवाज वर्गातला. त्यांनी एकूण वेळा पुन्हा वाचल्या आणि रोजच्यासारखं विचारलं, "कुणाची हरकत?" मला काकाची नजर अंगावर जाणवत होती. मी वाकून टायर दाबून बघू लागले. हवा बरोबर होती. मी पुन्हा दाबलं. पंचांनी कागद घडी घालायला घेतला, आणि मला काकाचा आवाज ऐकू आला.

"माझी हाय, सर. काल घाटात मी हिला हात लावलो. ढकललो. दहा पावलं."

रांगेतल्या सायकलींचे आवाज थांबले. पंचांनी चष्मा वर केला. "तुम्ही तिचे काका ना?"

"व्हय."

"आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. मुलीला विचारावं लागेल." ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय गं, काल घाटात तुला कुणाचा हात लागला होता?"

मी हे पुष्कळदा आठवून पाहिलं आहे, की त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं. मोठं असं काहीच नव्हतं. अप्पांची गादी होती, पुण्याचा रस्ता होता, आणि काकाचा राग होता. हो, राग. त्याने हात लावला आणि आता तोच काढून घेतोय, असा. मी पंचांच्या खिशातल्या पेनांकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही."

मागून कुणीतरी हसलं. "काकाला ऊन लागलंय वाटतं," असं एक बाई म्हणाली. पंचांनी काकाकडे बघून मान हलवली, रागावून नव्हे, वयस्कर माणसाची समजूत काढतात तशी. काका बोलायला गेला, तेवढ्यात पद्माच मधे आली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती चिडलेली होती. "काका, माझ्यासाठी खोटं कशाला बोलायलाव? माझ्या पायात दम न्हवता, मी मागं पडले. शैला म्हणायलीय न्हाय, म्हणजे न्हाय. मला कुणाची दया नको."

काकाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून एक शब्द बोलले असते तर सगळं सावरलं असतं. तो खाली वाकला, पंप उचलला आणि बाजूला झाला. शिटी वाजली.

त्या दिवशी पद्मा जशी चालवत होती तशी मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर पाहायला मिळालीच नाही. घाट उतरताच ती सुटली. मी मागे. वारा समोरचा. ती पुढे राहून तो अंगावर घेत होती आणि मी तिच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आडोशाला. तिने वेग कमी केला की मी कमी करायचे, उठली की उठायचे. सहा-सात वेळा तिने जीव तोडून निसटायचा प्रयत्न केला. तळे हिप्परग्याला एकदा आमच्यात दहा-बारा हातांचं अंतर पडलं. मी दात खाऊन ते भरून काढलं. दोघींनी मिळून सरावात काढलेल्या सगळ्या सकाळी, त्यांत शिकलेली सगळी हुशारी मी तिच्याविरुद्ध वापरली. शेवटी तिने मागे बघणंच सोडून दिलं. सोलापुरात तळ्याकाठी आम्ही दोघींनी एकाच वेळी शेवटची रेघ ओलांडली. नऊ सेकंद तसेच राहिले.

शुक्रवार पेठेत हलगी लावली होती. गुलाल माझ्या कानात, नाकात, दातांत. अव्वाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. अप्पा सगळ्यांना पेढे देत होते, तेवढ्यात शर्यतीला आलेल्या कुणीतरी त्यांना सकाळची हकीकत सांगितली. त्यांनी काकाला दारातच धरलं. "शिवप्पा, घरच्या पोरीच्या आड आलास? परक्या पोरीसाठी?" अव्वानेही पदर तोंडाला लावला. काका माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऊन लागलं होतं, दादा. काय बोललो कळलं न्हाय." अप्पा त्यानंतर वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलले. मी तिथेच उभी होते, गळ्यात हार घालून.

मी पुण्याला गेले. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, निलंग्याचं स्थळ कुणा दुसरीचं झालं, आणि लोकांनी माझ्याबद्दल जे चांगलं म्हणायचं ते म्हटलं. सणाला घरी गेले की काका इटलीत कोण जिंकलं ते सांगायचा. त्या सकाळबद्दल त्याने कधी काही काढलं नाही आणि मला तेच बरं वाटायचं. मोबाइलवर बघताना आजही चढावर लोक रस्त्यावर उतरतात, मागे पडलेल्या एखाद्याच्या पाठीला हात लावतात, समालोचक हसून सोडून देतो, आणि मी मोबाइल पालथा ठेवते.

हे प्रकरण लिहायला घेतल्यावर मी पद्माला शोधत गेले. ती आता पूर्व भागातच शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम घेते, घरात पाच मशिनी. केस पांढरे झालेत, पाठ अजून सायकलवर बसल्यासारखी ताठ. तिने चहा केला. मी सगळं सांगितलं, दहा पावलं, रात्रीचं बोलणं, सगळं. ती निळ्या कापडाचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे काका खरं बोलत हुते," ती म्हणाली.

"हो."

"दोनदा आले हुते माझ्या घरी. शर्यतीनंतर. मी आईला सांगितले, म्हण पद्मा घरात न्हाय. दया करायला आलेत वाटलं मला. सायकलसुद्धा भावाच्या हातनं परत पाठवले." तिने कापड मशिनीवर ठेवलं. "तिसरा नंबर तुझाच राहू दे, त्याचं मला आता काय बी न्हाय. काकांना सांगितलीस का हे?"

"काका जाऊन आठ वर्षं झाली, पद्मा."

"ठाऊक हाय. मातीला आले हुते मी, मागं उभी हुते. जिवंत हुते तवा सांगितलीस का, ते विचारायलेय. चुकलं म्हणून, एकदा तरी?"

बाहेर कुणाचातरी माग चालू होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

"नाही," मी म्हणाले. ह्या वेळी ते खरं होतं.